पाऊस होता, मग चूल कशी पेटली?

हातातलं काम चालू राहू द्या. भाकरी थापत असाल तर थापत राहा, भाजी निवडत असाल तर निवडत राहा. रेडिओचं हेच बरं असतं, कान द्यायला हात थांबवावे लागत नाहीत.

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या गटांच्या बैठकीत आम्ही एक नवीन पद्धत पाडली आहे. हप्ते जमा झाले, वह्या भरून झाल्या, सह्या-अंगठे झाले, की शेवटची पंधरा मिनिटं एकीनं आपल्या आयुष्यातला एखादा प्रसंग सांगायचा. आमच्यात चाकण-खेडकडच्या जमीनवाल्या बायका आहेत, मावळातून लग्न होऊन आलेल्या आहेत, आणि भोसरी-चिखलीकडच्या खोल्यांमधून राहणाऱ्या बीड, लातूर, धाराशिवच्याही आहेत. गोष्टी तऱ्हेतऱ्हेच्या निघतात. पण एक गंमत आमच्या लक्षात आली. जवळजवळ प्रत्येकीची गोष्ट हवेपासून सुरू होते. "पाऊस खूप होता." "ऊन मी म्हणत होतं." "थंडी अशी की विचारू नका." एवढं एक वाक्य होतं आणि पुढे तो पाऊस, ते ऊन गोष्टीतून जे निघून जातं ते परत येत नाही.

एका बैठकीत अशीच एक जण सांगत होती. नवरा दवाखान्यात होता, ही घरी आली, मुलांना जेवायला घातलं, परत गेली. सुरुवात नेहमीचीच, "त्या दिवशी पाऊस खूप होता." कोपऱ्यात आमच्या एक मावशी बसल्या होत्या, सत्तरीच्या. त्यांनी मध्येच विचारलं, "पाऊस होता म्हणतेस, मग चूल कशी पेटली गं?"

सांगणारी थांबली. मग हळूच म्हणाली, "पेटलीच नाही. सगळी लाकडं भिजली होती. पत्रा गळत होता तो नेमका चुलीवर. मग शेजारणीकडे गेले. दोन वर्षं आम्ही बोलत नव्हतो, नळावरून भांडण झालं होतं. तिनं काही विचारलं नाही. स्टोव्ह उचलून हातात दिला आणि वर दोन अंडी दिली."

बघा, खरी गोष्ट इथं होती. ती पावसात दडली होती. मावशींनी विचारलं नसतं तर ती शेजारीण आम्हाला कधी भेटलीच नसती.

तेव्हापासून तो प्रश्न आमच्या गटाचाच झाला. आज आम्ही तो प्रश्न घेऊन थोडं मागं जाणार आहोत, इतिहासात. आमच्यातल्या काही जणींनी बी.ए.ला इतिहास घेतला होता. परीक्षेपुरता वाचला आणि विसरलो. पण हा प्रश्न हातात आला आणि जुनं वाचलेलं वेगळंच दिसायला लागलं.

आधी आपल्या घरातलं बघू. आपल्या आज्या-पणज्यांना तारीख ठाऊक नव्हती, पण पावसाचं नाव ठाऊक होतं. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, असं एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा. हस्त लागला की हत्ती आला म्हणायचं. मे महिन्यात ढोल वाजवत येतो तो वळीव, श्रावणात उन्हातून येतं ते शिरवं, आठ-आठ दिवस हलत नाही ती झड. एवढी नावं कशाला लागली? कारण प्रत्येक पावसाबरोबर काम वेगळं होतं. वळीव म्हटलं की वाळवण उचलायची धांदल. मृग म्हटलं की पेरणी. मावळात आषाढ म्हटलं की भाताची आवणी, कमरेत वाकून, डोक्यावर इरलं. त्यामुळे "तरण्या पावसात तिला कळा सुरू झाल्या" एवढं म्हटलं तरी ऐकणाऱ्या बाईला सगळं कळायचं. घरातली माणसं शेतात असणार, ओढा भरलेला असणार, सुईण पलीकडच्या गावची असेल तर ती येईलच असं नाही. पावसाचं नाव घेणं म्हणजे कुठं कोण होतं आणि काय अडलं होतं ते सांगणंच होतं.

आपल्या श्रावणातल्या कहाण्या बघा. आटपाट नगर असतं, माणसं असतात आणि मग श्रावण महिना येतो. ढग कसे होते, वारा कसा होता, काही नाही. नुसतं महिन्याचं नाव. कारण ऐकणारीच्या दारात तोच श्रावण उभा असायचा. तिला वर्णनाची गरज नव्हती.

पण ऐकणारी दूरची असेल तर? तिथं मात्र सांगावं लागतं. त्याचं एक मोठं उदाहरण आमच्या दारातच सापडलं. चाकणमध्ये.

चाकण म्हटलं की आज ट्रकच्या रांगा, कंपन्या आणि कांद्याचा बाजार डोळ्यासमोर येतो. पण गावात संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट किल्ला आहे. त्याचा पडका तट अजून उभा आहे. आमच्यातल्या कितीतरी जणी रोज त्याच्या जवळून जातात, आणि आत कधी गेलेल्या नाहीत. 1660 साली या किल्ल्याला मोगलांचा वेढा पडला. मोगल सरदार शाहिस्तेखान, किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. आत माणसं तीन-साडेतीनशे, बाहेर फौज अफाट. किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर. भोवती खंदक. तरीही तो पंचावन्न दिवस लढला. एवढं शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं.

आता मावशींच्या पद्धतीनं विचारू. हा वेढा पडला कधी? 21 जूनच्या सुमाराला सुरू झाला आणि 14 ऑगस्टला बुरूज उडाला. म्हणजे सगळा आषाढ आणि श्रावणाचाही बराचसा भाग. ऐन पावसाळ्यात कुणी वेढा घालतं का? त्या काळी फौजा पावसाळ्यात छावणी करून बसायच्या. मग शाहिस्तेखान चिखल तुडवत चाकणला आलाच का?

तर पावसामुळेच आला. तो मे महिन्यात पुण्यात येऊन बसला होता. पुण्याच्या आसपासचं धान्य आणि वैरण मराठ्यांनी आधीच राहू दिली नव्हती. पाऊस सुरू झाला, नद्या फुगल्या, आणि मोगली मुलखातून येणारी रसद अडकली. एवढ्या माणसांना आणि जनावरांना खायला घालायचं कुठून? चाकण पुण्याच्या उत्तरेला, अहमदनगरच्या बाजूला, म्हणजे मोगली मुलखाला जवळ. तिथं तळ दिला तर दाणागोटा मिळवणं सोपं. म्हणून तो पुण्याहून निघाला आणि चाकणवर आला. जदुनाथ सरकार या इतिहासकारांनी हे कारण स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

आम्हाला हे कळलं तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं ही लढाई आम्ही तलवार आणि तोफांची म्हणून ऐकली होती. तिच्या मुळाशी दाण्याचा प्रश्न होता, म्हणजे आपल्याच घरचा प्रश्न. पावसात डब्यातलं धान्य संपत आलं की कुठून आणायचं, हा.

पुढचा प्रश्न तर हुबेहूब मावशींचाच. पाऊस होता, मग तोफा-बंदुका कशा पेटल्या?

याचं उत्तर खाफीखान नावाच्या इतिहासकारानं दिलं आहे. त्यानं मोगलांच्या बाजूनं, फारसी भाषेत इतिहास लिहिला, पुढच्या शतकात. चाकणच्या वेढ्याशी आल्यावर तो थांबतो आणि आधी आपल्याकडचा पाऊस सांगतो. या मुलखात जवळपास पाच महिने पाऊस असतो, माणसाला घराबाहेर डोकं काढता येत नाही. ढग इतके दाटतात की दिवसाची रात्र होते, दिवा लावल्याशिवाय शेजारचा माणूस दिसत नाही. आणि मग तो कामाचं बोलतो. बंदुका निकामी झाल्या, दारू खराब झाली, धनुष्यांच्या दोऱ्या गेल्या. तरीही वेढा चालूच राहिला. अंधाऱ्या रात्री किल्ल्यातली माणसं बाहेर पडून मोर्च्यांवर तुटून पडत. पन्नास-साठ दिवसांनी भुयार खणून ठासलेल्या दारूनं बुरूज उडाला, आणि दगडांबरोबर माणसंही उडाली.

बघा मैत्रिणींनो, हवेचं वर्णन कसं करावं याचा धडा इथं मिळतो. खाफीखानाचे वाचक दिल्लीकडचे, उत्तरेतले. त्यांना आपला आषाढ काय ठाऊक? म्हणून त्याला पाऊस समजावून सांगावा लागला. पण तो नुसता काळ्या ढगांवर थांबला नाही. त्या पावसानं कुठली वस्तू बिघडवली ते त्यानं सांगितलं. दारू, बंदूक, धनुष्याची दोरी. ओली दोरी म्हटलं की आपल्याला लगेच हाताला जाणवते. पाऊस किती होता ते त्या दोरीवरून कळतं.

त्याच वर्णनातून लढाईही नीट समजते. एवढी मोठी फौज एका भुईकोटापुढे पंचावन्न दिवस का अडकली? आतल्या माणसांची हिंमत तर होतीच. फिरंगोजी शेवटी बाहेर आला तेव्हा शाहिस्तेखानानं त्याला बादशाही चाकरी देऊ केली आणि त्यानं ती नाकारली, हे प्रसिद्धच आहे. पण हिमतीच्या जोडीला पाऊसही होता. आणि जो पाऊस आतल्यांना मदत करत होता, तोच त्यांच्या घरांवरही पडत असणार. खाफीखान तंबूच्या बाजूनं बोलतो. आतली चूल त्याच्या लिहिण्यात नाही. जो गोष्ट सांगतो, त्याच्याच अंगावरचा पाऊस गोष्टीत येतो. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

आता आणखी एक गोष्ट. त्याच 1660 सालच्या त्याच पावसाळ्यात, चाकणचा वेढा चालू असताना, शिवाजी महाराज स्वतः पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. जुलैच्या 12 तारखेच्या रात्री ते पन्हाळ्यावरून निसटले आणि विशाळगडाकडे गेले. मागं घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे लढले, आणि त्या खिंडीला पुढं पावनखिंड म्हणू लागले. ही गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकीला पाठ आहे. आणि ती कुणीही सांगू दे, शाहीर असो, शिक्षक असो नाहीतर आजोबा, सुरुवात पावसानंच होते. विजा, चिखल, ओढे, धावणारी पालखी.

इथं पाऊस एवढा पक्का का टिकला? कारण तो काढला तर गोष्टच उभी राहत नाही. ती रात्र आषाढी पौर्णिमेच्या सुमाराची सांगतात. म्हणजे आकाशात चंद्र पूर्ण. ढग नसते तर एवढी माणसं डोंगरउतारावर लख्ख दिसली असती. पाऊस नसता तर चौक्यांवरचे पहारेकरी आडोशाला गेले नसते. वेढ्यातून वाट मिळाली ती पावसानं दिली. आणि त्याच पावसानं पुढची वाट निसरडी केली, पाय जड केले, पाठलाग करणाऱ्यांना जवळ येऊ दिलं. एकच पाऊस, एका रात्रीत दोन्ही बाजूंनी वागला.

तेच आभाळ चाकणवर आणि तेच पन्हाळ्यावर. पन्हाळ्याचा पाऊस सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक, चाकणचा पाऊस चाकणच्या बायकांनाही ठाऊक नाही. कारण पन्हाळ्याची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांगितली गेली, आणि सांगताना पाऊस तिच्यात शिवला गेला. चाकणची गोष्ट आकड्यांत राहिली, इतके दिवस, इतकी माणसं.

तुम्ही म्हणाल, मग प्रत्येक गोष्टीत भरपूर पाऊस-वारा घालायचा का? तर तसंही नाही. देहू आपल्या शेजारी आहे. 1630च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला, तुकाराम महाराज तेव्हा तरुण होते. व्यापार बुडाला, पत गेली, पहिली बायको अन्नावाचून गेली. त्यांनी स्वतः हे आपल्या अभंगात सांगितलं आहे, आणि फार थोड्या शब्दांत सांगितलं आहे. त्यात भेगाळलेली जमीन नाही, तापलेलं आभाळ नाही. दुष्काळ हा एक शब्द, आणि त्यानं घरातलं काय काय नेलं ते. दुःख एवढं मोठं असलं की आभाळाकडे बघायला सवड नसते. तेव्हा आभाळ न सांगणं हेच खरं सांगणं. मावशींचा प्रश्न इथंही लागू पडतो, फक्त उत्तर आधीच दिलेलं असतं. चूल पेटलीच नाही.

हे झालं पुरुषांचं, लिहिलेलं. बायकांचं कुठं आहे? ते जात्यावर आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी 1980 नंतरच्या काळात गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मुळशी-मावळातल्या बायकाच त्या कामात पुढे होत्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, हजाराहून जास्त गावांमधून. आता 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. त्यात पाऊस कितीतरी आहे. पण तो खिडकीतून बघितलेला नाही. तो भावाच्या शेतावर पडावा म्हणून बोलावलेला पाऊस आहे, पेरणीच्या वेळी वाट बघायला लावणारा पाऊस आहे. पहाटे जातं ओढणारी बाई जो पाऊस गाते, त्यावर तिच्या माहेराचं पोट अवलंबून असतं.

बहिणाबाई चौधरी आपल्याला ठाऊक आहेत. खानदेशातल्या असोद्याच्या, 1880 चा जन्म. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्यांनी गाणी रचली, मुलानं आणि नात्यातल्यांनी ती उतरवून घेतली, आणि त्या गेल्यावर 1952 साली पुस्तक निघालं. त्यातला वारा, पाऊस, माती कामाच्या हातातून आलेली आहे, म्हणून आज शिकलेल्या बायकांनाही ती आपली वाटते. पुढं छापील साहित्यातही अशी माणसं झाली. दुर्गा भागवतांनी 'ऋतुचक्र' लिहिलं, 1956 साली, चैत्रापासून एकेक महिना घेऊन. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त तर शेवटी दुष्काळच गाव रिकामं करतो. गटाच्या पेटीत ही दोन पुस्तकं आम्ही ठेवली आहेत. वाचता येणारीनं न येणारीला वाचून दाखवायची.

आता इकडं या, आपल्या पट्ट्यात. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. 1962 ला एमआयडीसी स्थापन झाली, मग एकामागून एक कारखाने उभे राहिले. 1982 साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढं चाकण भरलं. आमच्या मराठवाड्यातल्या मैत्रिणींची घरं इकडं का आली ते विचारलं, तर जुन्या बायका एकच शब्द सांगतात, "बहात्तर." 1972 चा दुष्काळ. खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि मग माणसं पोटासाठी शहराच्या वाटेला लागली. म्हणजे आपल्या कितीतरी वस्त्यांची पहिली ओळ हवामानाचीच आहे. न पडलेल्या पावसाची.

एका तरुण मैत्रिणीनं मात्र आम्हाला अडवलं. ती म्हणाली, "तुमचं शेताचं ठीक आहे. मी कंपनीत पॅकिंगला आहे. आमच्याकडं हवामान नसतं. आत गेलं की पाऊस काय, ऊन काय, सगळं सारखंच."

मावशींनी तिलाही सोडलं नाही. "मग मे महिन्यात तुझ्या पिशवीत स्वेटर कशाला असतो?"

तेव्हा तिनं सांगितलं. एका विभागात यंत्रांना गरम चालत नाही म्हणून हवा गार ठेवलेली, तिथं काम लागलं की हात आखडतात. दुसऱ्या विभागात पत्र्याखाली माणसंच असतात, तिथं पंखाही गरम वारा फेकतो. पहाटेची शिफ्ट सुटली की गारठ्यातून एकदम दुपारच्या उन्हात, कंपनीची बस येईपर्यंत उभं. ती म्हणाली, "आमच्याकडं एका दिवसात तीन ऋतू होतात." मग ही गोष्ट नाही का? शेतावरचं ऊन देवाचं म्हणून सोसलं. पण कुठं गार ठेवायचं आणि कुठं नाही हे जिथं माणूस ठरवतो, तिथलं ऊन सांगितलंच पाहिजे. तिनं ते रेडिओसाठी सांगितलं, आणि दुसऱ्या आठवड्यात तिच्याच लाईनवरच्या चार जणी गटाच्या बैठकीला आल्या.

आता शेवटचं, आणि आमच्यासाठी सगळ्यात जड.

नदीकाठच्या आमच्या एका वस्तीत पाणी शिरलं. गुडघ्याच्या वर. धान्य गेलं, मुलांची दप्तरं गेली, एकीचं शिलाई मशीन गेलं आणि ते गटाच्या कर्जातून घेतलेलं होतं. नुकसानभरपाईचे अर्ज आम्हीच बसून लिहिले. आणि सगळ्या अर्जांत, सवयीनं, एकच वाक्य लिहिलं. "दिनांक अमुक रोजी खूप पाऊस झाल्यामुळे घरात पाणी शिरले."

अर्ज परत आले. कार्यालयात सांगितलं की चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि त्या दिवशी आमच्या मंडळात तेवढा पाऊस नोंदलेलाच नाही. आम्हाला रागच आला. घरात पाणी आलं ते आम्ही डोळ्यांनी बघितलं आहे, आणि कागद म्हणतो पाऊस नव्हता!

संध्याकाळी वस्तीत बसलो. एकेकीला विचारत गेलो. पाणी आलं तेव्हा तू काय करत होतीस? आणि मग आमचेच डोळे उघडले. एक म्हणाली, "मी बाहेर दोरीवर कपडे वाळत घातले होते." दुसरी म्हणाली, "पोरं अंगणात खेळत होती." तिसरी म्हणाली, "पाणी वरनं नाही आलं, गटारातनं उलटं आलं." म्हणजे त्या सकाळी आमच्याकडं उघडीप होती! पाऊस पडत होता तो वर, डोंगरात. धरणातून पाणी सोडलं होतं, नदी फुगली, आणि नाल्याचं पाणी नदीत जाण्याऐवजी मागं फिरलं. कागद खोटा नव्हता. आमचं वाक्य खोटं होतं. गोष्ट सांगायच्या सवयीनं आम्ही पाऊस आमच्या डोक्यावर पाडला होता, आणि त्या एका वाक्यानं खरं कारण झाकून टाकलं होतं.

अर्ज पुन्हा लिहिले. पावसाची उघडीप होती, कपडे दोरीवर होते, अमुक वाजता नाल्यातून पाणी उलटं आलं, इतकं उंच चढलं, इतक्या वेळानं ओसरलं. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे फोटो जोडले. पंचनामे झाले. सगळ्यांना मदत मिळाली असं नाही. काहींना मिळाली, काहींचे अर्ज अजून फिरत आहेत, आणि शिलाई मशीनचा हप्ता ती बाई अजून भरते आहे. पण आता त्या वस्तीत नदीचं पाणी वाढलं की आभाळाकडे कुणी बघत बसत नाही. वर किती पाणी सोडलं ते आधी विचारतात, आणि ऊन पडलेलं असलं तरी धान्याचा डबा माळ्यावर जातो.

खाफीखानानं त्याच्या बाजूचा पाऊस लिहिला. पर्जन्यमापकानं त्याच्या भांड्यातला पाऊस मोजला. आपल्या घरातला पाऊस आपणच सांगायचा आहे, आणि तो खरा सांगायचा आहे. होता तर होता, नव्हता तर नव्हता.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुमची पाळी आली आणि तोंडात "पाऊस खूप होता" आलं, तर येऊ द्या. तिथून सुरुवात करायला काहीच हरकत नाही, आपल्या आज्याही तिथूनच करायच्या. फक्त लगेच पुढं जाऊ नका. तो कुठला पाऊस होता ते सांगा, वळीव की झड. त्यानं कुठली वस्तू भिजवली ते सांगा. त्यानं कुणाला अडवलं आणि कुणाला वाट दिली ते सांगा. आणि तुमची गोष्ट अशी असेल की त्या दिवशी आभाळाकडे बघायला तुम्हाला सवडच नव्हती, तर आभाळ सोडून द्या.

आणि ऐकणाऱ्या मैत्रिणींनो, तुमचंही काम आहे. नुसती मान हलवू नका. आमच्या मावशींसारखं विचारा.

पुढच्या महिन्यात खेड आणि मावळच्या गटांमधल्या गोष्टी ऐकवू. येत्या सुट्टीच्या दिवशी आम्ही काही जणी मुलांना घेऊन संग्रामदुर्ग बघायला जाणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी आपापल्या गटाच्या सचिवाकडे नाव द्यावं. पावसाचे दिवस आहेत, छत्री आणि डबा आठवणीनं आणा. नमस्कार.